नेमका हाच माणूस का थांबवला?

प्रश्न एका अधिकाऱ्याचा आहे. गस्त पथकाची जबाबदारी नुकतीच अंगावर आली आहे. कातडीचा रंग, वंश, धर्म, पेहराव बघून माणसं अडवायची खोड पथकाला लागू नये म्हणून नेमकं काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे. पूर्वग्रहांवरच्या प्रशिक्षणाने फरक पडतो का, आणि 'गुन्हे जिथे जास्त तिथेच पोलीस जाणार, यात भेदभाव कुठला?' असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना काय सांगायचं, हेही त्यांना हवं आहे. माणसं अडवून घेतलेल्या झडत्यांच्या नोंदी तपासणं आणि त्या कशा वाचाव्यात हे पर्यवेक्षक अधिकाऱ्यांना शिकवणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. उत्तर त्याच बाजूने देतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते घासून बघता येईल. पूर्वग्रह सगळ्यांच्या डोक्यात असतात, ते घरी ठेवून कोणी ड्यूटीवर येत नाही. पण ते कामात उतरतात ते ठरावीक जागी: कारण कच्चं आणि अधिकार पक्का असतो तिथे. डोळ्यांदेखत पर्स हिसकावून पळणाऱ्याच्या मागे धावताना त्याचा रंग कोणी बघत बसत नाही. 'जरा वेगळा वाटला म्हणून विचारलं' या जातीच्या चौकशीत मात्र वेगळा कोण, हे ठरवायला डोक्यातल्या चित्राखेरीज हाताशी काहीच नसतं. म्हणून कच्च्या कारणांवर माणसं अडवणं कमी करा, उरलेल्यांचं कारण लिहून घ्या, आणि ते कारण कोणीतरी खरोखर वाचेल अशी सोय करा. बाकीच्या गोष्टींचा नंबर यानंतर लागतो.

सहकाऱ्यांच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती फिटल्याशिवाय पथक तुमचं ऐकणार नाही. त्यांचं म्हणणं सरसकट उडवून लावण्यासारखं नाही. लोकसंख्येत एक गट वीस टक्के आणि अडवलेल्यांत चाळीस टक्के, एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. रात्री रस्त्यावर कोण असतं, गस्त कुठे लावली आहे, तक्रारी कुठून येतात, या सगळ्याचा त्या आकड्यावर परिणाम होतो. पण वाद तिथे थांबत नाही. पुढचा प्रश्न विचारायचा: झडतीत सापडलं काय? खरोखर गुन्ह्याच्या खुणा बघून माणसं निवडली असतील, तर प्रत्येक गटाच्या झडतीत माल सापडण्याचं प्रमाण साधारण सारखं यायला हवं. एका गटाच्या झडत्या जास्त आणि त्यात सापडतं कमी, असं दिसलं तर त्या गटासाठी संशयाची पायरी खाली ठेवली आहे, असाच अर्थ बहुधा निघतो.

अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहराबद्दल तिथल्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला, त्यात हे स्वच्छ दिसतं. शहरात कृष्णवर्णीय ६७ टक्के होते आणि थांबवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के. इथवर कोणीही वाद घालू शकतो. पण थांबवल्यावर कृष्णवर्णीयांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा घेतली जात होती, आणि त्यांच्याकडे बेकायदा वस्तू सापडण्याची शक्यता मात्र २६ टक्क्यांनी कमी होती. त्याआधी २००० साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी कस्टम्सच्या झडत्या तपासल्या होत्या. अंगझडतीनंतर एक्स-रे काढून घेण्याची पाळी कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांवर गोऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या नऊ पट येत होती, आणि माल सापडण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तो हाच प्रकार. नैतिकतेची भाषा न आवडणाऱ्या सहकाऱ्यांना यातली दुसरी बाजू सांगा: पोलीस संन्याशाचे खिसे चाचपत असतात तेव्हा चोर शेजारून निघून जातो.

सापडण्याच्या प्रमाणाची कसोटीही बिनचूक नाही. दोन गटांत जोखमीची विभागणी वेगळी असेल, म्हणजे एका गटात उघडउघड संशयास्पद माणसं जास्त असतील, तर संशयाची पायरी सारखी असूनही सरासरी फसवते, हा संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे एका आकड्यावर कोणाला दोषी धरू नका. दुसरी एक कसोटी मला जास्त आवडते. वर्षभरात सूर्यास्ताची वेळ पुढेमागे होते, म्हणजे संध्याकाळचे सात कधी उजेडात असतात, कधी अंधारात. रस्त्यावरची माणसं तीच, गस्त तीच, फक्त अंधारात चालकाचा रंग लांबून दिसत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सुमारे साडेनऊ कोटी वाहनतपासण्यांच्या नोंदी होत्या. अंधार पडला की थांबवलेल्यांतला कृष्णवर्णीय चालकांचा वाटा घटत होता. 'आम्ही रंग बघतच नाही' या दाव्याला याहून सभ्य उत्तर मला सापडलेलं नाही.

आता कस्टम्सचीच गोष्ट पुढे नेतो, कारण उपायही तिथेच दिसतो. १९९८ पासून रेमंड केली त्या खात्याचे प्रमुख होते. संशयित कसा ओळखावा याच्या लांबलचक यादीत घाबरलेला दिसणं, अमुक विमानाने येणं, अमुक कपडे घालणं अशी कशालाही चिकटवता येणारी लक्षणं होती. ती छाटून मोजके निकष ठेवले आणि झडतीआधी वरिष्ठाची परवानगी आवश्यक केली. झडत्या सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्या, आणि दर झडतीमागे माल सापडण्याचं प्रमाण दुपटीहून वाढलं. तिथल्या अधिकाऱ्यांची मनं वर्षभरात शुद्ध झाली असतील असं मला वाटत नाही. मनाला मोकळं सोडायची जागा आक्रसली, एवढंच घडलं.

मौज अशी की हेच केली २००२ ते २०१३ न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त होते, आणि माणसं अडवून चाचपण्याचं जगातलं सर्वात गाजलेलं प्रकरण त्याच काळातलं आहे. २०११ या एका वर्षात तिथे ६,८५,७२४ वेळा माणसं अडवली गेली. दर दहांपैकी जवळपास नऊ जणांना ना अटक झाली, ना समन्स मिळालं. अडवलेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेले) मिळून ८७ टक्के होते. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. निकालात २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंतच्या ४४ लाख घटनांचा हिशेब आहे. निम्म्याहून थोड्या जास्त वेळा शस्त्रासाठी अंग चाचपलं गेलं, आणि त्यांपैकी दीड टक्का वेळा शस्त्र सापडलं. कस्टम्समध्ये आणि इथे प्रमुख केलीच होते. एका ठिकाणी मोजमाप 'किती सापडलं' याचं होतं, दुसरीकडे 'किती जणांना अडवलं' याचं. तुमच्या पथकाला वरून कोणता आकडा मागितला जातो हे आधी बघा, असं मी का म्हणतो ते इथे कळेल.

'अडवणं थांबवलं तर गुन्हे वाढतील' ही भीती तेव्हाही घातली गेली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अडवण्याच्या नोंदी साडेअकरा हजारांच्या आसपास उरल्या होत्या. २०११ मध्ये ५१५ खून झाले होते, २०१७ मध्ये २९२. अडवणं कमी केल्यामुळे खून कमी झाले, असा माझा दावा नाही. सहा लाखांहून जास्त घटना वजा झाल्या आणि त्या वर्षांत आभाळ कोसळलं नाही, इतकंच. २०२० मध्ये खून वाढले, पण तो चढ त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत होता.

आता कागदाकडे येऊ. माझा बहुतेक वेळ कागद वाचण्यात जातो, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. नेहमी येणारी नोंद अशी असते: 'रात्री १०.४० वा. सदर इसम पोलीस गाडी पाहून घाबरला. हालचाल संशयास्पद. परिसर गुन्हेप्रवण. अंगझडती घेतली असता काही मिळून आले नाही.' ही नोंद हातात घेऊन नाव झाका, पत्ता झाका, आणि स्वतःला विचारा: यात त्या माणसाबद्दल काय कळलं? काहीच नाही. ही चार वाक्यं कोणालाही लावता येतात. घाबरला म्हणजे काय केलं, ते नाही. हालचाल कोणती, ते नाही. कोणत्या गुन्ह्याचा संशय होता, तेही नाही. परिसर गुन्हेप्रवण असेल तर तिथे राहणारी हजारो माणसंही त्याच परिसरात असतात, मग सगळ्यांनाच अडवायचं का? न्यूयॉर्कच्या छापील फॉर्मवर संशयास्पद हालचालीसाठी एक चौकट होती, टिक केली की झालं. ४२ टक्के नोंदींत ती टिक होती. संशय कोणत्या गुन्ह्याचा हेच न लिहिलेल्या नोंदी २००४ मध्ये एक टक्का होत्या, २००९ मध्ये ३६ टक्के झाल्या.

आता ही बघा: 'रात्री १०.४० वा. वाहनतळात दोन गाड्यांच्या दारांची हँडलं ओढून पाहताना दिसला. तिसऱ्या गाडीच्या काचेवर टॉर्च धरून आत डोकावला. मला पाहताच हातातली लोखंडी वस्तू झुडपात टाकली. वाहनचोरीचा संशय.' इथे माणूस कोणत्या रंगाचा, कोणत्या धर्माचा, हे विचारायचं सुचतसुद्धा नाही. माणसाचं वर्णन पुसलं तरी कारण उभं राहतं. तुमच्या पथकाला एवढी एकच कसोटी शिकवली तरी पुष्कळ झालं.

नोंदी वाचण्याची एक युक्ती सांगतो. एकेक नोंद सुटी वाचली तर प्रत्येक ठीक वाटते. त्यामुळे एका अंमलदाराच्या महिन्याभराच्या नोंदींचा 'कारण' हा रकाना तेवढा एकाखाली एक काढा आणि एका बैठकीत वाचून टाका. तेच वाक्य, त्याच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह, पंधरा वेळा आलेलं दिसेल. पंधरा वेगवेगळी माणसं तंतोतंत एकाच पद्धतीने घाबरत नसतात. आणि ज्या पर्यवेक्षकाने वर्षभरात एकही नोंद 'कारण अपुरं' म्हणून परत पाठवलेली नाही, तो सही करतो आहे, वाचत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ साली पोलिसांच्या तपासणी संस्थेने सुमारे पावणेनऊ हजार झडती-नोंदी तपासल्या. २७ टक्के नोंदींत वाजवी संशयाला पुरेसं कारण लिहिलेलंच नव्हतं, आणि त्या सगळ्या वरिष्ठांच्या हाताखालून गेलेल्या असायला हव्या होत्या.

'फॉर्म भरायला लावले तर पोलीस कामच करणार नाहीत' ही तक्रार तुमच्याकडे येईलच. कंटाळ्याचा फायदा आपल्याच बाजूने करून घेता येतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या पोलिसांनी स्टॅनफर्डच्या जेनिफर एबरहार्ट यांच्या गटाबरोबर काम करताना फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: ही कारवाई ठोस माहितीवरून केली आहे का, हो की नाही? म्हणजे या व्यक्तीला विशिष्ट गुन्ह्याशी जोडणारी माहिती आधीपासून हातात होती का. बस, एवढंच. २०१७ मध्ये तिथे सुमारे ३२ हजार वेळा माणसं अडवली होती, पुढच्या वर्षी १९ हजार. कृष्णवर्णीयांना अडवण्याच्या घटना ४३ टक्क्यांनी उतरल्या. त्या प्रश्नाला 'नाही' लिहायला मनाई नव्हती. पण लिहावं लागणार म्हटल्यावर हात अडखळला, आणि तो अडखळण्याचा क्षणच आपल्याला हवा असतो.

स्पेनमधल्या फुएनलाब्राडा या माद्रिदजवळच्या शहरात २००७-०८ मध्ये असाच प्रयोग झाला. अडवलेल्या प्रत्येकाची नोंद, त्याला त्या नोंदीची प्रत, आणि दर महिन्याला आकड्यांवर बैठक. महिन्याला साडेनऊशेच्या आसपास असलेली संख्या चारशेवर आली, आणि काहीतरी निष्पन्न होण्याचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. प्रत देण्याकडे दुर्लक्ष करू नका. हातात कागद पडला की माणसाला तक्रार करता येते, आणि कागद द्यायचा आहे हे ठाऊक असलेला अंमलदार कारण जरा जपून शोधतो.

इथपर्यंत वाचून उपाय सोपा वाटला असेल तर ब्रिटनचा अनुभव ऐका. तिथे २०१०-११ मध्ये सुमारे बारा लाख झडत्या झाल्या होत्या. २०१४ च्या सुधारणांनंतर त्या घटत घटत २०१७-१८ मध्ये तीन लाखांच्या आत आल्या. हजारो निरपराध माणसांचा त्रास वाचला, यात वाद नाही. पण गुणोत्तर सुधारलं नाही, उलट बिघडलं. २०१९-२० मध्ये दर हजार गोऱ्यांमागे ६ आणि दर हजार कृष्णवर्णीयांमागे ५४ झडत्या होत्या. एकूण संख्या घटली, पण गोऱ्यांच्या झडत्या जास्त वेगाने घटल्या. म्हणजे छाटणी करतानाही कोणाला आधी सोडायचं हे जुन्याच नजरेने ठरलं. म्हणून एकूण आकडा खाली आला की पाठ थोपटून घेऊ नका. किती निरपराध माणसं अडवली गेली आणि त्यांत कोण किती, हे दोन्ही हिशेब वेगवेगळे ठेवा.

कारणच द्यावं लागत नाही असे अधिकार तर सर्वात धोक्याचे. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्यातल्या ४४ व्या कलमाने ठरवून दिलेल्या भागात संशयाशिवाय झडती घेता येत होती. २००९-१० मध्ये या अधिकाराखाली लाखभर माणसं थांबवली गेली आणि दहशतवादाच्या गुन्ह्यात अटक झाली शून्य. युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये हा अधिकार खाजगी जीवनाच्या हक्काविरुद्ध ठरवला. 'संमतीची झडती' हाही त्याचाच भाऊ. गणवेशातला माणूस रात्री रस्त्यात 'बॅग बघू का जरा?' म्हणतो तेव्हा 'नको' म्हणायची कोणाची छाती होते? स्कॉटलंडने मे २०१७ पासून अशा झडत्या बंदच केल्या. झडती घ्यायची तर कायद्यातलं कारण हवं. तुमच्याकडे कायदा संमतीची झडती घेऊ देत असला तरी पथकापुरता तुम्ही ती बंद करू शकता. मी असतो तर पहिल्या आठवड्यात केली असती.

वाहतुकीच्या नावाखाली चालणारी अडवणूक हा यातलाच मोठा तुकडा. मागचा दिवा बंद, काचेला काहीतरी लटकवलेलं, नोंदणीची मुदत संपलेली, अशा बारीकसारीक गोष्टी जवळपास प्रत्येक गाडीत सापडतात. नियमभंग सगळे करतात आणि थांबवायचं कोणाला ते अधिकारी ठरवतो, तेव्हा नियम नुसता बहाणा उरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व्हरेन खटल्यात सांगितलं की नियमभंग खरा असेल तर अधिकाऱ्याचा आतला हेतू शोधाविषयीच्या चौथ्या घटनादुरुस्तीखाली तपासला जाणार नाही. कायद्याने दार असं सताड उघडं ठेवल्यावर ते लोटायचं काम खात्यांनाच करावं लागलं. उत्तर कॅरोलायनातल्या फेएटव्हिल शहराच्या पोलीस प्रमुखांनी २०१३ नंतर वेग, सिग्नल तोडणं अशा जीवघेण्या नियमभंगांवर भर दिला आणि दिवा-कागदपत्रांसाठी थांबवणं मागे ठेवलं. पुढे झालेल्या अभ्यासात अपघातांची हानी घटलेली आणि गुन्हे न वाढलेले दिसले. फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये आठ किरकोळ कारणांसाठी गाडी थांबवण्यावर कायद्यानेच बंदी घातली. लॉस एंजेलिसने मार्च २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला: बहाण्याने थांबवायचंच असेल तर खरं कारण बॉडी कॅमेऱ्यासमोर, म्हणजे गणवेशावर लावलेल्या कॅमेऱ्यासमोर, बोलून दाखवायचं. मला हा नियम फार आवडतो. मोठ्याने म्हणायची लाज वाटेल असं कारण सहसा कारणच नसतं.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. न्यूयॉर्क पोलिसांच्या सुप्त पूर्वग्रहांवरच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन २०२० मध्ये आलं. विषयाची समज वाढली, पण रस्त्यावरच्या कारवाईतल्या तफावतीवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. एक दिवसाचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र, आणि सोमवारी तीच गस्त, तेच उद्दिष्ट. यातून दुसरं काय निघणार? प्रशिक्षण द्याच, पण कारण कसं लिहायचं, झडती न घेता माणसाला सोडून कसं द्यायचं, सहकारी घसरतोय हे दिसल्यावर मध्ये कसं पडायचं, याचं द्या. बॉडी कॅमेऱ्यांचंही तेच. वॉशिंग्टन डीसीमध्ये दोन हजारांहून जास्त पोलिसांवर रीतसर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. बळाच्या वापरात लक्षणीय फरक दिसला नाही. न पाहिलेलं चित्रीकरण म्हणजे अडगळ. दर आठवड्याला कोणतेही चार तुकडे, तक्रार नसलेलेही, चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्या अंमलदाराबरोबर बसून बघा. त्यात काय घडलं याइतकंच कसं बोललं गेलं तेही ऐका. ओकलंडच्याच चित्रीकरणातल्या संवादांचा २०१७ मध्ये अभ्यास झाला. गोऱ्या चालकांशी बोलताना पोलिसांची भाषा जास्त आदराची होती, गुन्हा आणि ठिकाण लक्षात घेतल्यावरही. अडवल्याबरोबर कारण सांगणं, समोरच्याला बोलू देणं आणि चूक निघाली तर 'तुमचा वेळ गेला, माफ करा' म्हणणं, यात कुठली सुरक्षितता जाते?

संशयिताचं वर्णन मिळालेलं असेल तेव्हा काय, हा प्रश्न तुमचे लोक विचारतील. साक्षीदाराने रंग किंवा वंश सांगितला असेल तर तो वापरणं भेदभाव नाही. मात्र उंची, कपडे, दिशा, वेळ यांच्या सोबतीने. 'काळा तरुण, जाकीट घातलेला' एवढ्याच भांडवलावर तीन किलोमीटरवरच्या, दोन तासांनी दिसलेल्या मुलाला धरलं तर ते वर्णन राहत नाही, परवाना होतो. नियम असा ठेवा: वर्णनातून रंग काढला तर उरलेलं या माणसाला लागू पडतं का?

संशयितांच्या जुन्या याद्या आणि त्यांवर चालणारी नवी यंत्रं, दोन्हींकडे लक्ष असू द्या. ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या कायद्याने भारतातल्या अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या नव्या कायद्यांआडून त्याच लोकांवरची नजर पुढे चालू राहिली. यादी रद्द करता येते, ती वाचायची सवय सहजी जात नाही. लंडन पोलिसांची २०१२ पासूनची टोळी-यादी अशीच होती. कृष्णवर्णीय तरुण तिच्यात प्रमाणाबाहेर होते, ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१८ मध्ये तिच्यावर कारवाई केली, आणि अखेर २०२४ मध्ये ती बंद झाली. संगणक कुठे गस्त घाला ते सांगतो तेव्हा तो बहुधा पूर्वी पोलीस जिथे गेले तिथेच परत पाठवतो. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालींबद्दल अमेरिकेच्या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये दाखवून दिलं की बऱ्याच प्रणालींत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांवर चुकीची जुळणी दहा ते शंभर पट जास्त होते. त्यामुळे यंत्राने दिलेलं नाव ही फार तर खबर समजा. खबरीच्या एका फोनवर आपण कोणाला अटक करत नाही, तसंच इथेही.

नोंदी खऱ्या आहेत ना, हेही अधूनमधून तपासा. २०१५ मध्ये टेक्सासच्या महामार्ग पोलिसांनी हिस्पॅनिक चालकांची नोंद सर्रास 'गोरे' अशी केल्याचं पत्रकारांनी उघड केलं. आकडे देखणे होते, पण कामाचे नव्हते. नियंत्रण कक्षाचे कॉल, गाडीचं जीपीएस आणि कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाच्या वेळा नोंदींशी लावून बघा. चित्रीकरण आहे आणि नोंद नाही अशा घटना सापडल्या, तर आकड्यांवर चर्चा करण्याआधी त्यांचा निकाल लावा.

शेवटचा मुद्दा, जो तुम्ही विचारला नाही पण महिन्याभरात दारात येईल: एकाच अंमलदाराचे आकडे बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसले तर? त्याची तुलना अख्ख्या शहराशी करू नका. त्याच भागात, त्याच पाळीत, तसंच काम करणाऱ्यांशी करा, नाहीतर तो 'माझी बीटच तशी आहे' म्हणेल आणि ते खरंही असेल. तरीही फरक उरला तर त्याच्या नोंदींचा कारणाचा रकाना काढा, चार चित्रीकरणं बघा, मग त्याला एकटं बोलावून एकेका घटनेवर विचारा: नेमका हाच माणूस का? कधी उत्तर पटण्याजोगं असतं, कधी वरून आलेलं तोंडी उद्दिष्ट बाहेर पडतं, आणि कधी उत्तर नसतंच. उद्दिष्ट निघालं तर वरच्यांशी भांडण तुमचं आहे, त्याचं नाही. उत्तर नसेल तर काही काळ झडतीआधी तुमची परवानगी घ्यायला लावा आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघा. नाही सुधारला तर खातेनिहाय कारवाई करा. दुसऱ्या पथकात बदली करून विषय मिटवू नका. तिथे नोंदी वाचणारा कोणी नसेल, तर तो तेच काम तिथल्या रस्त्यांवर करत राहील.